फादर स्टीफन्स यांचा ‘ण’

विरारहून डहाणूकडे येणाऱ्या लोकलमध्ये नवखा प्रवासी चटकन ओळखू येतो. तो ‘सफाले’ गेलं का विचारतो, ‘केल्वे’ कधी येईल म्हणतो आणि बोईसर सुटलं की ‘वानगाव’ला उतरायचं म्हणून दाराशी येऊन उभा राहतो. डब्यातले रोजचे लोक गालात हसतात. पण त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? सफाळे, केळवे, उमरोळी, वाणगाव, डहाणू. आमच्या पट्ट्यातल्या स्टेशनांना ‘ळ’ आणि ‘ण’ यांचा भारी सोस, आणि रोमन लिपीत ना ‘ळ’ आहे ना ‘ण’. पाटी रंगवणाऱ्याने ‘ळ’च्या जागी एक ‘एल’ लिहिला, ‘ण’च्या जागी एक ‘एन’ लिहिला आणि काम संपवलं.

गोव्यात पर्वरीला एका संस्थेच्या पाटीवर मात्र हे काम असं संपवलेलं नाही. संस्थेचं नाव थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र. तिथे ‘कोंकणी’ हा शब्द रोमन लिपीत लिहिताना शेवटच्या अक्षरात ‘एन’ दोनदा येतो. पाहणाऱ्याला वाटावं, रंगाऱ्याची चूक झाली. चूक नाही. एक ‘एन’ म्हणजे ‘न’, दोन ‘एन’ म्हणजे ‘ण’. ज्यांच्या नावाने ही संस्था उभी आहे, त्या पाद्रीबुवांच्या पुस्तकांत ही युक्ती चारशे वर्षांपूर्वी छापली गेली आणि आज ती त्यांच्याच नावाच्या पाटीवर राबते आहे. संशोधन-संस्था म्हणजे काय, तिच्यातून ‘बातमी’ कसली येते, हे समजून घ्यायला या जोडीच्या ‘एन’इतकी सोपी वाट दुसरी नाही.

थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातले. जन्म १५४९च्या सुमाराचा. राणी पहिल्या एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक म्हणून जगणं जिकिरीचं झालं होतं. स्टीफन्स रोमला गेले, १५७५मध्ये येशूसंघात दाखल झाले, १५७९च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून गलबतावर चढले आणि ऑक्टोबरात गोव्यात उतरले. हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचं नाव घेतात. इथून त्यांनी वडिलांना लिहिलेलं प्रवासवर्णनपर पत्र पुढे लंडनमध्ये छापलं गेलं. व्यापाराचा विचार करणाऱ्या इंग्रजांनी ते आवडीने वाचलं. खुद्द स्टीफन्स यांना व्यापारात रस नव्हता. उरलेल्या चाळीस वर्षांतली बहुतेक त्यांनी गोव्याच्या साष्टी तालुक्यात काढली आणि १६१९मध्ये गोव्यातच देह ठेवला.

कॅथलिक धर्मशास्त्री म्हटला की डोळ्यांसमोर लॅटिनमधले जाडजूड ग्रंथ येतात. स्टीफन्स यांनी तसं काही लिहिलं नाही. त्यांचं धर्मशास्त्र ओवीत आहे. ‘क्रिस्तपुराण’ या नावाने आपण ज्याला ओळखतो, तो ग्रंथ १६१६मध्ये गोव्यातल्या राशोल इथे छापून झाला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा, ३६ अध्यायांत. दुसऱ्यात येशूचं चरित्र, ५९ अध्यायांत. अध्यायाला त्यांचा शब्द ‘अवस्वरु’. १९०७च्या छापील आवृत्तीप्रमाणे मोजल्या तर एकूण ओव्या १०,९६२. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांशी ताडून पाहा. मराठी ही ज्याची मातृभाषा नव्हती, अशा माणसाने हा पसारा मांडला.

ग्रंथाला निमित्त काय, तेही ग्रंथातच येतं. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूला म्हणतो, तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत. मग त्यांच्या जागी वाचायला आम्हांला काही द्या. मागणी साधी आहे, पण तिच्यात लोकांचं मन अचूक पकडलेलं आहे. माणसं देव बदलतील, पण संध्याकाळी पुराण ऐकायची सवय कशी बदलणार? स्टीफन्स यांनी ती सवय ओळखली आणि छंद तोच ठेवला. शब्दही पुष्कळसे तेच ठेवले. त्यांच्या स्वर्गाला नाव आहे वैकुंठ. भाषेबद्दल तर त्यांनी ग्रंथारंभीच हात मोकळा सोडला आहे. मराठीला त्यांनी खड्यांमधलं रत्न म्हटलं, फुलांमधला मोगरा म्हटलं. हा भाग आपल्याकडे शाळेपासून पाठ होतो. त्या ओव्यांच्या पुढे मात्र फारसं कुणी जात नाही.

आता गंमत अशी की, हा ग्रंथ १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा छापला गेला आणि तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही. दमट हवा, वाळवी ही कारणं आहेतच. शिवाय १६८४मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिक बोली तीन वर्षांत टाकून पोर्तुगीज बोलायला लागा, असं बजावलं. ज्या राज्याच्या कृपेने पुस्तक छापलं, त्याच राज्याला पुढे त्याच्या भाषेचं वावडं झालं. पुस्तक वाचलं ते हाताने नक्कल करणाऱ्यांमुळे. गोव्यातून दक्षिणेकडे कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती घरांनी आपल्याबरोबर हे पुराण नेलं आणि पिढ्यान्पिढ्या उतरवून घेतलं. अशा हस्तलिखितांवरून जे. एल. सालडाणा यांनी १९०७मध्ये मंगळुरातून ते रोमन लिपीतच पुन्हा छापलं. देवनागरीत छापील क्रिस्तपुराण मराठी वाचकाच्या हाती यायला १९५६ साल उजाडलं. ते काम पुण्यात शांताराम बंडेलू यांनी केलं. त्यानंतर १९९६मध्ये कारिदाद द्रागो यांची आणि २००९मध्ये नेल्सन फलकाव यांची आवृत्ती आली.

पर्वरीचं केंद्र गोव्याच्या येशूसंघाने गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात सुरू केलं. कोंकणी शिकवणं, पुस्तकं काढणं, ‘सोद’ नावाचं संशोधनपर नियतकालिक चालवणं, रोमन लिपीतल्या कोंकणीचं लेखन एका शिस्तीत आणणं ही तिथली नेहमीची कामं. क्रिस्तपुराणाच्या काही हस्तलिखित प्रती तिथे आहेत. आणखी प्रती पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आणि पिलारच्या मठात. अशा ठिकाणाहून येणारी बातमी पहिल्या पानावर कधी यायची नाही. एखाद्या प्रतीची गहाळ पानं दुसऱ्या प्रतीत सापडली, एखाद्या ओवीचा पाठ पक्का झाला, एखादा शब्द ‘दिन’ नसून ‘दीन’ आहे असं ठरलं, बस. पण या शेवटच्या गोष्टीपाशी जरा थांबू, कारण सगळं संशोधन तिथेच अडतं आणि तिथेच सुटतं.

स्टीफन्स यांचं पुराण मराठीत असूनही छापलं गेलं रोमन लिपीत. का? त्यांना नागरी लिपी आवडत नव्हती म्हणून नव्हे. १६०८मध्ये रोमला लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्थानिक लिपीत छापायची इच्छा बोलून दाखवली होती. अडचण छपाईच्या खिळ्यांची होती. युरोपच्या भाषांना चोवीस-पंचवीस अक्षरांचे साचे पुरत. इथे बाराखडी, जोडाक्षरं, काना-मात्रा धरून साच्यांची संख्या सहाशेच्या घरात जाई. गोव्यात छापखाना १५५६पासून होता, पण एवढे साचे पाडणारा कारागीर आणि त्याला लागणारा पैसा नव्हता. मराठी देवनागरी खिळ्यांत छापून निघायला पुढे १८०५ साल यावं लागलं, तेही बंगालमधल्या श्रीरामपुरात, विल्यम केरी यांच्या छापखान्यात. म्हणजे राशोलनंतर जवळजवळ दोनशे वर्षं.

तेव्हा हाती होती ती अक्षरं वापरूनच मराठीचे आवाज पकडायचे होते. त्यासाठी जी पद्धत बसली, ती अशी. जिभेचं टोक वर वळवून जे वर्ण उच्चारायचे, त्यांना अक्षर जोडीने लिहायचं. एक ‘टी’ म्हणजे ‘त’, दोन ‘टी’ म्हणजे ‘ट’. एक ‘डी’ म्हणजे ‘द’, दोन म्हणजे ‘ड’. तसंच ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’. पोर्तुगीज वळणाप्रमाणे ‘श’साठी ‘एक्स’, आणि शब्दाच्या शेवटी नाकातला उच्चार असला की ‘एम’. ‘पैलें पुराण’ या दोन शब्दांत पहिल्याच्या शेवटी ‘एम’ आहे, तो म्हणायचा नाही, नुसता नाकात घ्यायचा. आणि दुसऱ्यात ‘एन’ जोडीने आहे. बस्स, एवढ्या पाच-सहा नियमांत काम भागलं. गोव्यात आजही चर्चच्या पत्रिकांवर, तियात्र या कोंकणी नाटकांच्या जाहिरातींवर हीच पद्धत दिसते. आपण भ्रमणध्वनीवर रोमन अक्षरांत मराठी बडवतो तेव्हा ‘कळ’ आणि ‘कल’ यांत फरक उरत नाही. साष्टीच्या पाद्र्याने तो प्रश्न सोडवून ठेवलेला आहे, हे आपल्याला ठाऊकच नाही.

पण एक गोष्ट त्या पद्धतीत राहून गेली. ऱ्हस्व-दीर्घाला खूण नाही. ‘ए’ हे एकच अक्षर ‘अ’लाही आणि ‘आ’लाही, ‘आय’ हे एकच ‘इ’लाही आणि ‘ई’लाही. त्यामुळे रोमन पाठाचं देवनागरी करताना ‘मन’ की ‘मान’, ‘बल’ की ‘बाल’, ‘दिन’ की ‘दीन’ हे संपादकाने ठरवायचं. देवाचा ‘दिन’ आणि ‘दीनांचा’ देव यांत फरक केवढा! एका मात्रेवर धर्मशास्त्र हलतं, ते असं. अशा वेळी मदतीला येते ओवी. ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमक असतं, चौथा आखूड आणि मोकळा. नकलनवीस डुलकी घेऊन शब्द चुकला तर यमक चहाडी करतं. एका प्रतीत यमक बिघडलेलं, दुसरीत जुळलेलं दिसलं की दुसरी त्या जागी जास्त विश्वासाची ठरते. चार-पाच प्रती शेजारी मांडून ओवीमागून ओवी असं तपासत जायचं, यालाच पाठचिकित्सा म्हणतात. अकरा हजार ओव्यांना किती दिवस लागतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

या कामात लंडनने एक मोठी भर घातली आणि एक मोठा वादही. जस्टिन अ‍ॅबट हे मराठी संतवाङ्मयाचे अमेरिकन अभ्यासक. १९२०च्या दशकात त्यांना लंडनच्या प्राच्यविद्या विद्यालयात, विल्यम मार्सडन यांच्या संग्रहात, क्रिस्तपुराणाची देवनागरी हस्तलिखित प्रत असल्याचं आढळलं. रोमन प्रतींत पोर्तुगीज-लॅटिन वळणाचे धार्मिक शब्द जागोजागी येतात. या देवनागरी प्रतीत त्यांच्या जागी बरेचदा संस्कृत शब्द आहेत. मग मूळ कोणतं? अ‍ॅबट यांना वाटलं, हेच स्टीफन्स यांचं मूळ लेखन. नंतरच्या काहींना वाटलं, कुणीतरी मागाहून शब्द बदलून केलेली ही नक्कल असावी. हा वाद नुसत्या शब्दांचा नाही. परक्या देशातल्या श्रद्धेला इथला शब्द द्यायचा, की तिचा परका शब्दच ठेवायचा, हा प्रश्न स्टीफन्स यांच्यापुढे होता. त्यांनी कुठे काय केलं हे नक्की कळल्याशिवाय त्यांच्या धर्मशास्त्राबद्दल छातीठोकपणे बोलता येत नाही.

मराठी वाचकाच्या मनात इथे एक शंका येईल. क्रिस्तपुराण मराठी, मग त्याच्या कर्त्याच्या नावाने कोंकणी केंद्र कसं? कारण स्टीफन्स यांनी दोन्ही भाषांचं काम केलं. पुराण लिहिताना त्यांनी ग्रांथिक मराठी घेतली आणि तीत साष्टीच्या लोकांना कळतील असे बोलीतले शब्द मिसळले. मुलांना धर्म शिकवायची प्रश्नोत्तरी मात्र त्यांनी साष्टीच्या बोलीत लिहिली. ती त्यांच्यामागे १६२२मध्ये छापली गेली. तिच्या प्रती युरोपात टिकल्या, म्हणून १९४५मध्ये मारियान सालडाणा यांना ती पुन्हा प्रसिद्ध करता आली. स्टीफन्स यांचं कोंकणी व्याकरण १६४०मध्ये निघालं. भारतीय भाषेचं छापील स्वरूपातलं ते पहिलं व्याकरण समजलं जातं. १५८३मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांच्या घडणीचं ग्रीक आणि लॅटिनशी साम्य असल्याचं नोंदवलं होतं. विल्यम जोन्स यांनी हीच गोष्ट कलकत्त्यात जाहीर केली ती १७८६मध्ये. भाषा वेगवेगळ्या आणि तरीही एकमेकींच्या नात्यातल्या असू शकतात, हे ज्याला दोनशे वर्षं आधी दिसलं, त्याच्या नावावरून मराठी-कोंकणीने भांडावं, हा आपला नशिबाचा विनोद म्हणायचा.

आता गोवा सोडून पुन्हा आमच्या लाइनवर येऊ. या किनाऱ्याचा या गोष्टीशी संबंध दूरचा नाही. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, १५५९मध्ये दमण. मधल्या पट्ट्यातली माहीम, तारापूर, डहाणू ही ठाणी त्यांच्या ‘उत्तर प्रांतात’ मोडत आणि प्रांताची राजधानी वसई. तारापूरला समुद्राकाठी आज जो किल्ला दिसतो, तो त्या कारभाराचा अवशेष. जानेवारी १७३९मध्ये मराठ्यांनी तो घेतला; त्या हल्ल्यात मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर पडले. मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर प्रांत संपला. दोनशे वर्षांच्या त्या काळात इथेही पाद्री होते, शाळा होत्या आणि शिकवायला पुस्तकं लागत होती. वसईच्या शाळेत शिकलेला गोन्सालो गार्सिया १५९७मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर गेला आणि १८६२मध्ये संत ठरला. त्याचा इतिहास इकडे मुलांनाही माहीत असतो. पुस्तकांचा इतिहास मात्र मोठ्यांनाही माहीत नसतो.

त्यातली दोन पुस्तकं सांगण्यासारखी आहेत. पहिलं, फ्रान्सिश्कु वाझ द गिमाराइंश या फ्रान्सिस्कन पाद्र्याचं पुराण, छापलं १६५९मध्ये. विषय येशूचं दुःखसहन आणि मरण, लिपी रोमन, आणि भाषा इकडची, म्हणजे उत्तर कोकणची. स्टीफन्स यांची ग्रांथिक मराठी साष्टीच्या शिकलेल्यांना रुचली, पण वसईच्या वाडीतल्या माणसाला त्याच्या तोंडातली भाषा हवी होती. हे पुराण एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा छापलं गेलं. म्हणजे दोनशे वर्षांनंतरही त्याला गिऱ्हाईक होतं. दुसरं, सतराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज पाद्र्याने लिहिलेलं उत्तरेकडच्या बोलीचं व्याकरण. त्याचं हस्तलिखित पडून होतं. कुन्हा रिव्हारा यांनी १८५७मध्ये स्टीफन्स यांचं व्याकरण गोव्यात पुन्हा छापलं आणि पुढच्याच वर्षी हे उत्तरेचंही छापलं.

धर्माची गोष्ट इथल्या भाषेत सांगायची ही ओढ पुढेही तुटली नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईतल्या नंदाखालचे. ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन त्यांनी वर्षानुवर्षं केलं, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले आणि ‘सुबोध बायबल’ लिहून आजच्या मराठीत बायबल घरोघर नेलं. त्या अनुवादाला २०१३मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी भुवया उंचावल्या तेव्हा क्रिस्तपुराणाचा हवाला अनेकांनी दिला. जुलै २०२४मध्ये दिब्रिटो गेले. स्टीफन्स यांना खिळे मिळाले नव्हते. दिब्रिटोंना ‘ळ’ आणि ‘ण’ दोन्ही मिळाले. कामाचं मर्म मात्र तेच होतं: ऐकणाऱ्याच्या कानाला ओळखीचा वाटेल असा शब्द शोधायचा.

ऐकणाऱ्याच्या कानाचा विषय निघाला की आमच्या स्टेशनांच्या पाट्या पुन्हा आठवतात. या किनाऱ्यावरच्या आगरी-कोळी बोली ऐका. ‘पाणी’ला ‘पानी’, ‘कोण’ला ‘कोन’, ‘डोळा’ला ‘डोला’, ‘सगळं’ला ‘सगलं’. पुस्तकातले ‘ण’ आणि ‘ळ’ इथे बोलताना सहज ‘न’ आणि ‘ल’ होतात, आणि हे आजकालचं नव्हे. मग गिमाराइंश यांच्या पुराणात एखाद्या शब्दात जोडीऐवजी एकच ‘एन’ दिसला, तर संपादकाने काय समजायचं? खिळे जुळवणाऱ्याला मराठीचा गंध नव्हता, म्हणून एक ‘एन’ गळाला? की पाद्र्याचा कान इतका तिखट होता की त्याने वाडीतला माणूस बोलला तसं टिपलं? पहिलं खरं मानलं तर ती चूक दुरुस्त करायची. दुसरं खरं मानलं तर तिला हात लावायचा नाही, कारण सतराव्या शतकातल्या माणसाचा तो आवाज आहे. एका अक्षराचा निकाल लावायला शेकडो शब्द तपासावे लागतात: तोच शब्द इतरत्र कसा आला, यमकात कशाशी जुळला, व्याकरणकाराने काय नोंदवलं. पर्वरीच्या केंद्रासारख्या ठिकाणी माणसं वर्षानुवर्षं बसतात ती यासाठी.

बोईसरनंतर गाडी वेग घेते आणि थोड्या वेळात ती पाटी येते, एका ‘एन’ची. परवापर्यंत मी तिला रेल्वेची हयगय समजत होतो. आता शेजारची कोळीण टोपली उचलत ‘वानगाव आला’ म्हणते, तेव्हा पाटी चुकली की मी, हे ठरवायला मला जरा वेळ लागतो.